छोट्या ट्रॅक्टरला पलटी नांगर: वाचकांची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, ‘वावर लहान असेल तर साधा नांगर विका आणि पलटी घ्या.’ पलटी म्हणजे वावराच्या टोकाला उलटा करून परत येतानाही माती त्याच अंगाला टाकणारा नांगर. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी सांगते, पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या काठापासून थोडं वर आमची ६२ गुंठे जमीन आहे, तीही तीन तुकड्यांत. २४ हॉर्सपॉवरचा फोर-व्हील छोटा ट्रॅक्टर मी स्वतः चालवते आणि हंगामात आसपासच्या गावांत नांगरट भाड्याने करून देते. मी इंजिनिअर नाही. जे सांगते ते सीटवर बसून शिकलेय, त्यातलं बरंचसं आधी चुकून.

ताई, द्राक्षबागेसाठी २४ एचपीचा फोर-व्हील ट्रॅक्टर घेतलाय. बागेला लागून ३० गुंठे मोकळी काळी जमीन आहे. दुकानदार म्हणतो, दोन फाळी पलटी आरामात ओढेल, एक फाळीत नुसता वेळ जातो. घेऊ का?
*– एक बागायतदार, ता. निफाड*

नका घेऊ, दादा. मी घेतली होती.

मलाही एका दुकानदाराने असंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी वावरातून बाहेर पडताना बांधाचा जेमतेम दोन फुटांचा चढ होता. नांगर वर उचलला, क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं हवेत. स्टिअरिंग हातात होतं, पण त्याला विचारतंय कोण! नशिबाने क्लच लगेच दाबला गेला. तो नांगर महिनाभर गोठ्यात पडून राहिला आणि मग तोट्यात गेला.

आता हिशोब करू, म्हणजे दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडेल. एक फाळ, म्हणजे माती कापणारं पातं, साधारण ३० सेंटिमीटर रुंदीचा तास, म्हणजे चर, काढतो. २० सेंटिमीटर खोल गेला तर ६०० चौरस सेंटिमीटर माती एका वेळी कापली जाते. भारी काळ्या जमिनीत, वाफसा (नांगरटीला योग्य अशी ओल) चांगला असला तरी, दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोच्या आसपास ओढ धरावी लागते. म्हणजे एका फाळाला ३६० किलो आणि दोन फाळांना ७२०.

तुमचं इंजिन हे ओढेल का? गंमत म्हणजे इंजिनला यात काहीच जड नाही. ३६० किलोची ओढ ताशी चार किलोमीटरने न्यायला साडेपाच हॉर्सपॉवरही लागत नाही. अडतं ते वजनापाशी. नांगर धरून हजार-अकराशे किलो भरणारा फोर-व्हील ट्रॅक्टर शेताच्या मातीवर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर ओढ देतो, म्हणजे पाचशे किलो धरा. ३६० त्यात बसतात, ७२० बसत नाहीत. मग चाकं जागेवर फिरतात, टायरची नक्षी जाते, डिझेल धुरात जातं आणि दुकानदार म्हणतो, ‘तुमची जमीनच चिवट आहे.’

दुसरी गोष्ट उचलण्याची. नांगर ट्रॅक्टरला तीन दांड्यांनी जोडतात, खाली दोन लिंक आणि वर मध्ये एक टॉप लिंक. पत्रकात ‘लिफ्ट ७५० किलो’ लिहिलेलं असतं ते खालच्या लिंकच्या टोकाला. नांगराचं वजन तर त्या टोकाच्याही मागे दीड-दोन फुटांवर लटकतं. त्यात पलटीचा अर्धा नांगर कायम आकाशाकडे तोंड करून असतो, जमिनीत काम करतो तो उरलेला अर्धा, पण उचलावा सगळा लागतो. माझ्या ट्रॅक्टरवर २०० किलोचा नांगर उचलला की पुढच्या चाकांवरचं दीडशे-पावणेदोनशे किलो वजन मागे जातं. तुमच्याकडे तर लासलगावचे वजनकाटे हाताशी आहेत. नांगर पूर्ण वर उचला, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि वजन बघा, मग अख्खा ट्रॅक्टर काट्यावर घ्या. पुढचं वजन एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आलं तर पुढे वजनं लावा नाहीतर हलका नांगर बघा. काटेवाला हसेल, हसू द्या.

पिनाही मोजा. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकची पिन २२ मिलिमीटरची आणि टॉप लिंकची १९ ची असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या नांगराला २८ आणि २५ च्या पिना येतात. ‘पिना बदलून देतो’ असं कोणी म्हणालं की ओळखायचं, हा नांगर दुसऱ्याच ट्रॅक्टरसाठी बनलाय.

आणि वेळ जातो म्हणजे किती? एक फाळी पलटीने माझी तासाला आठ-नऊ गुंठे नांगरट होते. तुमचे ३० गुंठे साडेतीन तासांचं काम आहे. तेही वर्षातून एकदा.

आमच्या ताली, म्हणजे बांध घालून पाडलेल्या पट्ट्या, उतारावर आहेत. कुठलीच पट्टी २०-२५ मीटरपेक्षा लांब नाही. साध्या नांगराने दरवर्षी माती खालच्या बांधाकडे सरकतेय, वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय. पलटीने हे थांबेल का? वय ६१, ट्रॅक्टर मुलगा चालवतो.
*– ता. भोर*

काका, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते म्हणा ना. पलटी नांगर खऱ्या अर्थाने तुमच्यासारख्या जमिनीसाठी आहे.

साधा नांगर माती नेहमी उजवीकडे टाकतो. जाताना उजवीकडे आणि येतानाही त्याच्या उजवीकडे, म्हणजे उलट बाजूला. त्यामुळे शेजारी-शेजारी तास घालत परत येता येत नाही. वावराचे पट्टे पाडून गोल-गोल फिरावं लागतं, मध्ये कुठे मातीचा उंचवटा होतो, कुठे घळ राहते. सपाट मोठ्या वावरात हे खपून जातं. तुमच्या २० मीटरच्या पट्टीत दर वळणाला सहा मीटर रिकामं चालावं लागलं तर प्रत्येक तासामागे ३० टक्के चाल फुकट गेली. आणि ती घळ उताराच्या दिशेला पडली की जूनच्या पहिल्या वळवाचं पाणी तिच्यातूनच माती घेऊन पळतं.

पलटीत प्रत्येक टोकाला नांगर उलटा करायचा आणि त्याच तासाला लागून परत यायचं. माती दोन्ही वेळा एकाच अंगाला पडते. ते अंग कुठलं हे आपण ठरवायचं, आणि तुम्ही ठरवायचं वरचं.

मुलाला नीट सांगा: नांगरट सगळ्यात वरच्या तासापासून सुरू करायची, उताराला आडवी, माती वर टाकत टाकत खाली यायचं. यात मातीपेक्षा मोठा फायदा ट्रॅक्टरचा आहे. वरच्या अंगाचं चाक आधीच्या तासात चालतं, म्हणजे ते खाली बसतं आणि उतारावर ट्रॅक्टर जवळजवळ समतोल राहतो. याच्या उलट, खालून सुरुवात करून माती खाली टाकत वर गेलात तर खालच्या अंगाचं चाक तासात उतरतं. आधीच कललेला ट्रॅक्टर आणखी वीसेक सेंटिमीटर कलतो. तशा अवस्थेत एखादा धोंडा वरच्या चाकाखाली आला तर काय होईल हे मी लिहीत नाही.

शेवटचा तास खालच्या बांधाला चिकटून काढू नका, दोन हात जागा सोडा. रचीव दगडांचा बांध असेल तर तीन हात. तेवढी कुदळीने करून घ्या. एका वर्षात वरचा मुरूम झाकला जाणार नाही, माती जशी वर्षानुवर्षं हळूहळू खाली गेली तशीच हळूहळू वर येईल. मुरूम उघडा आहे तिथे फाळ १५ सेंटिमीटरच्या खाली घालू नका, नाहीतर होती नव्हती ती माती खाली आणि मुरूम वर अशी अदलाबदल होईल.

वळायला जागा अगदीच नसेल तर नांगर उचलून मागे घ्या, पुढे नका रेटू. तालीवरून खाली गेलेले ट्रॅक्टर बहुतेक ‘एवढं वळण बसेल’ म्हणतानाच गेलेले असतात.

ताई, मी बी.एस्सी. ॲग्रीला आहे आणि सुट्टीत बाबांचा ट्रॅक्टर चालवते. आमच्या पलटीचा जातानाचा तास सुंदर येतो, येतानाचा मात्र अरुंद आणि उथळ. सगळ्या वावरात वरंबे दिसतात. गावातले म्हणतात पोरीला जमत नाही.
*– ता. तासगाव*

पोरी, गावातल्यांना म्हणावं एकदा सीटवर बसून दाखवा. दोष बहुतेक चाकांत आहे.

माझ्या बाबतीत काय झालं ते ऐक. दोन दिवस मी नांगराचे बोल्ट पिळत होते. जाताना चौदा इंचाचा तास, येताना दहा. टॉप लिंक लांब केली, आखूड केली, फाळ बदलला. तिसऱ्या दिवशी सासूबाई चहा घेऊन बांधावर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तुझं एक चाक बाहेरनं चालतंय गं.’ खरंच होतं. आठवड्यापूर्वी पंक्चर काढताना मागच्या एका चाकाची रिम डिशवर (चाकाच्या मधल्या तबकडीवर) उलट बाजूने बसवली गेली होती. टायरच्या नक्षीची दिशा बरोबर होती म्हणून माझ्या डोळ्याला खटकलं नाही. चार इंचांचा फरक तोच.

पलटीत कधी उजवं चाक तासात चालतं, कधी डावं. तासाच्या भिंतीला चाकाची आतली कड टेकते आणि तिथून फाळ किती रुंद कापणार ते ठरतं. म्हणून दोन्ही मागची चाकं मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवीत. सपाट जागेवर उभी कर, टॉप लिंकच्या पिनेला ओळंबा सोड, जमिनीवर खूण कर आणि तिथून दोन्ही टायरच्या आतल्या कडेपर्यंत टेपने मोज. अर्धा इंच चालेल. दोन इंच असतील तर तुझे वरंबे सापडले. दोन्ही टायरमधली हवाही सारखी ठेव, हे सगळे विसरतात.

चाकं सारखी निघाली तर मग नांगराकडे बघ. मुख्य आडव्या दांडीपाशी दोन बाजूंना दोन अडवणारे बोल्ट असतात. नांगर पलटल्यावर कुठे थांबायचं ते हे बोल्ट ठरवतात, एक एका बाजूचा आणि दुसरा दुसऱ्या बाजूचा. हे पहिल्या तासाला लावू नकोस, कारण तेव्हा दोन्ही चाकं वर असतात. तिसरा-चौथा तास चालू असताना थांब, खाली उतर, मागे जाऊन उभी राहा. एक चाक तासात असल्याने ट्रॅक्टर कललेला दिसेल, पण नांगराचा पाय जमिनीला काटकोनात उभा दिसला पाहिजे. नसेल तर त्या बाजूचा बोल्ट फिरव. परत येताना दुसऱ्या बाजूचं तसंच. चेक चेन (खालच्या लिंक बाजूला डोलू नयेत म्हणून असलेल्या साखळ्या) ताठ आवळून टाकू नकोस, नांगराला दोन बोटं इकडे-तिकडे व्हायची मोकळीक दे.

तासाबद्दल एक गंमत सांगते. आपल्या छोट्या ट्रॅक्टरचा आठ इंची टायर बारा इंची तासात छान बसतो. मोठ्या ट्रॅक्टरचा तेरा-साडेतेरा इंची टायर त्याच तासात घातला तर कडेची पलटलेली माती पुन्हा दाबत जातो. तेव्हा मोठा ट्रॅक्टरवाला तुझ्या नांगरटीला हसला तर त्याच्या चाकाकडे बोट दाखव.

हायड्रोलिक पलटी की हाताने पलटायची?
*– तीन पत्रं, तीन तालुक्यांतून*

हायड्रोलिक पलटी ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबाने फिरते, म्हणून आधी ट्रॅक्टरला बाहेर तेल देणारा दुहेरी व्हॉल्व्ह आहे का ते बघा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना तो कंपनीकडून येत नाही, वेगळा बसवावा लागतो. नसेल तर हाताची घ्या. नांगर पूर्ण उचलायचा, खटका ओढायचा, तो स्वतःच्या वजनाने फिरतो आणि पलीकडे अडकतो. पण ‘अडकला’ हा आवाज ऐकल्याशिवाय खाली सोडायचा नाही. आणि फिरताना जवळ पोरंटोरं नकोत. दिवसाला दीड-दोनशे वळणं घेणाऱ्याला हायड्रोलिकचा आराम कळतो. स्वतःच्या अर्ध्या एकराला तो पैसा मी घालणार नाही.

रोटाव्हेटर एका फेरीत माती पिठासारखी करतो. मग नांगर हवाच कशाला?
*– एक तरुण शेतकरी, ता. सांगोला*

भाऊ, पिठासारखी माती बघायला छान दिसते. पण रोटाव्हेटर जेमतेम चार-पाच इंच जातो, आणि दरवर्षी तेवढाच जात राहिला की त्याच्या खाली कडक थर बसतो. शिवाय तुमच्या वावरात हरळी असेल तर तिच्या एका मुळीचे तो दहा तुकडे करतो आणि दहाही फुटतात. पलटीने हरळीच्या मुळ्या वर आल्या आणि एप्रिल-मे असा मोकळा गेला की उन्हात सुकतात, उरलेल्या वेचून काढता येतात. हुमणीच्या अळ्या वर आल्या की नांगरामागे बगळे आणि मैना चालू लागतात, मला तर त्या सोबतीची सवय झालीय. लव्हाळ्याचं मात्र खोटं आश्वासन देत नाही. त्याच्या गाठी खोल असतात, नांगराने तो कमी होतो, संपत नाही.

दुसरी बाजूही सांगते. दरवर्षी नांगरट हवीच असं काही नाही. माझ्या स्वतःच्या दोन तुकड्यांत मी दोन-तीन वर्षांतून एकदा पलटी घालते. नांगरायच्या आधी पहारीने चार ठिकाणी खड्डा करून बघा, कडक थर आहे का आणि मुरूम किती खाली आहे. मग फाळाच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून पसरला तर वाफसा आहे. तसाच राहिला तर घरी जा, कारण ओल्या काळ्या मातीची पलटलेली कड साबणाच्या वडीसारखी चकाकते आणि सुकल्यावर तिची जी ढेकळं होतात ती पुढे पावसाशिवाय कोणालाच फुटत नाहीत.

चाकं किती घसरतात हेही मोजत जा. टायरवर खडूने रेघ मारा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. मग नांगर घालून तेच दहा फेरे. मोकळं ३० मीटर आणि नांगराने २६ मीटर आलं तर ठीक. २३-२४ वर आलात तर खोली कमी करा किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवा.

तुम्ही मागे लिहिलंत की पलटी नांगर ट्रॅक्टरबरोबर आला. साफ चूक. आमच्या वडिलांचा बैलांचा लोखंडी नांगर पलटीचाच होता. टोकाला गेलं की आकडा काढून ते फाळ दुसऱ्या अंगाला फिरवत.
*– एक जुने वाचक, बेळगाव*

चूक मान्य, आजोबा. ‘टर्नरेस्ट’ म्हणायचे त्याला, हे मला तुमचं पत्र वाचल्यावर सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्या माहेरी होता. तुमच्या बेळगावातून हे पत्र यावं हेही योग्यच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली ती बेळगावातच, १९०३ साली. किर्लोस्करवाडी पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात वसली. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून तेव्हा शेतकरी नांगराला हात लावत नसत, ही गोष्ट आमच्याकडेही सांगतात. आता तीच माणसं लोखंड जास्त जड हवं म्हणून हट्ट धरतात. आकडा काढून फाळ फिरवण्याची कृती मात्र तुमच्या वडिलांची आणि माझी एकच आहे, फक्त मला बैलांना थांबवावं लागत नाही.

अनुदानावर पलटी घ्यायचीय. आधी घेऊन ठेवली तर चालेल का?
*– एक महिला शेतकरी, ता. इंदापूर*

नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमतीचं पत्र, आणि त्यानंतरच्या तारखेचं बिल. आधीच्या बिलावर कोणी विनवणी ऐकत नाही. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के असा दर आहे, पण त्याला रकमेची कमाल मर्यादाही असते, म्हणून ‘अर्धे पैसे परत’ असं समजून कर्ज काढू नका. सातबारा तुमच्या नावावर असेल तर वहिनी, अर्ज तुमच्याच नावाने करा.

आम्हा दोघा भावांची मिळून ५० गुंठे. छोटा ट्रॅक्टर आहेच. पलटी विकत घेऊ की तुमच्यासारख्या कोणाकडून नांगरून घेऊ?
*– ता. पुरंदर*

हे पत्र आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे उत्तर देताना माझा धंदा मध्ये येतो हे आधीच कबूल करते. तरी हिशोब मांडते. ५० गुंठे म्हणजे एक फाळीने सहा तास. माझा ट्रॅक्टर नांगरटीला तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल खातो, म्हणजे १८-१९ लिटर. एवढंच काम वर्षातून एकदा असेल तर नांगर उरलेले ३६४ दिवस गोठ्याच्या मागे पडून राहणार. राज्यातली सरासरी जमीनधारणाच २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर निघाली. तुम्ही दोघे मिळून त्याच्याही निम्म्यावर नाही. प्रत्येकाने आपापला नांगर घेतला तर फायदा फक्त दुकानदाराचा.

पण तुमच्या आळीत छोटे ट्रॅक्टर चार तरी असतील. चौघांनी मिळून एक पलटी घ्या. फाळ आणि शिअर बोल्ट (धोंडा लागला की स्वतः तुटून नांगर वाचवणारा बोल्ट) यांचा खर्च ज्याच्या वावरात मोडला त्याचा, हे आधीच ठरवा, नाहीतर बांधाच्या भांडणात नांगराची भर पडेल. शिअर बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच ग्रेडचा घाला. कडक बोल्ट घातला तर धोंड्यावर बोल्ट वाचतो आणि नांगराची दांडी वाकते. काम झालं की माती उलटवणारा पत्रा घासून त्यावर जुनं इंजिन ऑइल फासून ठेवा. गंजलेल्या पत्र्याला पुढच्या वर्षी माती चिकटते आणि ती पलटत नाही.

चौघांत जमलं नाही तर मला कळवा. मात्र होळीच्या आधी, नंतर माझ्याकडे तारखा नसतात.